वनस्पतीतील द्रव्यापासून मधुमेहाच्या गोळीपर्यंत

मधुमेहाचे निदान झाले की डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबरच आप्तस्वकीयांच्या सल्ल्यांचाही वर्षाव सुरू होतो. कारल्याचा रस, रात्रभर भिजवलेले मेथीदाणे, जांभळाच्या बियांचे चूर्ण, बेडकीचा पाला, बिबळ्याच्या लाकडी पेल्यात ठेवलेले पाणी असे एक ना अनेक उपाय सुचविले जातात. ‘झाडपाला म्हणजे निर्धोक आणि गोळी म्हणजे रसायन’ अशी सरळ विभागणी त्यामागे असते. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. मधुमेहावर आज मोठ्या प्रमाणावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांचे मूळ वनस्पतींतच आहे. वनस्पतीतील मूळ द्रव्य जसेच्या तसे देणे मात्र घातक तरी ठरले किंवा निरुपयोगी तरी. त्याचे दोष काढून टाकण्यात रसायनशास्त्रज्ञांची अनेक दशके खर्ची पडली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. त्यामुळे वनस्पतीतील द्रव्याचे औषध कसे होते, हे जाणून घेणे केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही.

मेंढ्यांना मारणारी वनस्पती

‘गालेगा ऑफिसिनॅलिस’ ही शेंगावर्गातील, जांभळट फुलांची वनस्पती युरोपातील लोकवैद्यकात पूर्वापार वापरात होती. अमेरिकेत १८९१ मध्ये ती चाऱ्यासाठी लावून पाहण्यात आली, परंतु ती जनावरांना विषारी ठरली. तेथे तिची गणना उपद्रवी तणांत होते. मेंढ्यांच्या जिवावर उठणारे तिच्यातील द्रव्य म्हणजे ‘गालेगिन’. ते ‘ग्वानिडिन’ या नत्रयुक्त संयुगाच्या कुळातील आहे. ग्वानिडिनमुळे प्राण्यांच्या रक्तातील साखर उतरते, असे १९१८ मध्ये आढळून आले. त्यानंतर १९२० च्या दशकात गालेगिन मधुमेही रुग्णांना देऊन पाहण्यात आले. साखर उतरली, पण परिणाम अल्पकाळ टिकला आणि विषारीपणाची टांगती तलवार कायम राहिली.

पुढचा प्रयत्न झाला तो रेणूची रचना बदलण्याचा. कार्बनच्या लांब साखळीच्या दोन्ही टोकांना ग्वानिडिनचे गट जोडून तयार केलेले ‘सिंथॅलिन’ हे औषध १९२६ मध्ये जर्मनीत वापरात आले. ते प्रभावी होते, तथापि त्यामुळे यकृत व मूत्रपिंडास इजा होऊ लागल्याने त्याचा वापर सोडून द्यावा लागला.

दोन ग्वानिडिन गट एकमेकांस थेट जोडल्यास ‘बायग्वानाइड’ हे संयुग मिळते. त्यांपैकी ‘मेटफॉर्मिन’ डब्लिन येथील एमिल वर्नर व जेम्स बेल यांनी १९२२ मध्येच प्रयोगशाळेत तयार केले होते. त्यामुळे सशांच्या रक्तातील साखर कमी होते, हेही १९२९ मध्ये दिसून आले. परंतु तोपर्यंत इन्शुलिनचे युग सुरू झाले होते आणि हे संयुग विस्मृतीत गेले. विद्यार्थिदशेत गालेगिनच्या अभ्यासाशी संबंध आलेले पॅरिसमधील डॉक्टर झाँ स्टर्न यांनी ते पुन्हा हाती घेतले आणि १९५७ मध्ये रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले.

याच कुळातील ‘फेनफॉर्मिन’ हे औषध अधिक जोरकस असल्याने सुरुवातीस अधिक खपले. रेणूच्या एका टोकाशी असलेल्या भिन्न रचनेमुळे त्याचे शरीरातील वर्तन बदलले होते. रक्तात लॅक्टिक आम्ल साचून रुग्ण दगावू लागले, तेव्हा १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेने ते मागे घेतले. भारतात त्यावर २००३ मध्ये बंदी आली. भावंडाच्या या दुष्कीर्तीमुळे मेटफॉर्मिनलाही अमेरिकेत डिसेंबर १९९४ पर्यंत मान्यतेची वाट पाहावी लागली. ब्रिटनमधील दीर्घकालीन अभ्यासाचे १९९८ मधील निष्कर्ष त्याच्या बाजूने गेले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश झाला.

सफरचंदाच्या मुळाची साल

दुसरी कथा याहूनही दीर्घ आहे. सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून १८३५ मध्ये ‘फ्लोरिझिन’ हे कडू द्रव्य वेगळे करण्यात आले. सिंकोनाच्या सालीप्रमाणे कडू असल्याने ते तापावर गुणकारी ठरेल, अशी अपेक्षा होती. पुढे जर्मन वैद्य योझेफ फॉन मेरिंग यांना आढळले, की फ्लोरिझिन दिल्यास लघवीतून साखर जाऊ लागते. हे १८८६ च्या सुमाराचे. त्यानंतर सुमारे शतकभर मूत्रपिंडाचे कार्य समजून घेण्याचे एक साधन, एवढाच त्याचा उपयोग राहिला.

निरोगी माणसाच्या मूत्रपिंडांतून दररोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळले जाते आणि ते जवळजवळ सर्व पुन्हा रक्तात शोषले जाते. यातील सुमारे ९० टक्के काम ‘एसजीएलटी-२’ नावाचे वाहक प्रथिन करते. हे प्रथिन रोखले, तर जादा साखर लघवीवाटे निघून जाईल, हे उघड होते. फ्लोरिझिन दिल्यावर मधुमेही उंदरांच्या रक्तातील साखर पूर्ववत होते आणि इन्शुलिनला मिळणारा प्रतिसादही सुधारतो, असे १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले.

तरीही फ्लोरिझिनची गोळी करता येत नव्हती. या रेणूत ग्लुकोजचा भाग ऑक्सिजनच्या अणूमार्फत जोडलेला असतो. तोंडावाटे घेतल्यास लहान आतड्यातील विकर हा दुवा तोडते आणि औषध रक्तात पोहोचण्यापूर्वीच संपते. दुसरा दोष असा, की फ्लोरिझिन आतड्यातील ‘एसजीएलटी-१’ या वाहकालाही अडविते, त्यामुळे जुलाब होतात.

यावर दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग रेणूवर रासायनिक आवरण चढविण्याचा. शरीरात शोषण झाल्यावर हे आवरण गळून पडते आणि औषध मोकळे होते. ‘रेमोग्लिफ्लोझिन’ या प्रकारातील आहे. मूळ जपानी संशोधनातून आलेले हे औषध मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने २०१९ मध्ये भारतात आणले.

दुसरा मार्ग अधिक मूलगामी होता. ऑक्सिजनचा दुवाच काढून ग्लुकोजचा भाग कार्बनच्या बंधाने थेट जोडण्यात आला. हा बंध आतड्यातील विकराला तुटत नाही. रेणूच्या उर्वरित भागात केलेल्या फेरफारांमुळे तो प्रामुख्याने एसजीएलटी-२ वरच काम करू लागला. यातून आलेल्या ‘डॅपाग्लिफ्लोझिन’ला युरोपमध्ये २०१२ मध्ये, तर ‘कॅनाग्लिफ्लोझिन’ला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. सालीतून द्रव्य वेगळे झाल्यापासून औषध हाती येईपर्यंत १७७ वर्षे लोटली होती.

‘एम्पाग्लिफ्लोझिन’वरील २०१५ च्या अभ्यासाने या औषधांचे महत्त्व आणखी वाढविले. मधुमेहाबरोबर हृदयविकार असलेल्या सुमारे ७ हजार रुग्णांच्या या अभ्यासात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू औषध घेणाऱ्यांत ३८ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे मधुमेह नसलेल्या हृदय व मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही या गटातील औषधांचा लाभ होत असल्याचे सिद्ध झाले.

तुतीतील साखरेची नक्कल

रेशीमकिड्यांचे खाद्य असलेल्या तुतीत ‘डीऑक्सिनोजिरिमायसिन’ हे द्रव्य असते. त्याची रचना ग्लुकोजसारखी असल्याने पिष्टमय पदार्थांचे विघटन करणारे आतड्यातील विकर फसते आणि जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. प्रयोगशाळेत प्रभावी ठरलेले हे द्रव्य प्राण्यांच्या शरीरात अपेक्षेइतके चालले नाही. त्याच्या नत्राच्या अणूला एक छोटी साखळी जोडून ‘मिग्लिटॉल’ तयार झाले. त्याला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

बिबळा कोठे अडला?

भारतीय वनस्पतींबाबतही प्रयत्न झाले आहेत. बिबळ्याच्या सालीतील ‘एपिकॅटेचिन’मुळे उंदरांच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी पुन्हा निर्माण होतात, असा दावा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस करण्यात आला. अन्य प्रयोगशाळांत मात्र त्यास दुजोरा मिळाला नाही. वैद्यकीय संशोधन परिषदेने बिबळ्याच्या अर्काची नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांवर केलेली चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६९ टक्के रुग्णांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. ही चाचणी खुली होती, म्हणजे आपण कोणते औषध घेत आहोत, हे रुग्णांना ठाऊक होते.

निष्कर्ष आशादायक असले, तरी बिबळ्यातील एखाद्या द्रव्यात बदल करून घडविलेले औषध अद्याप बाजारात आलेले नाही. अर्कात अनेक द्रव्ये एकत्र असतात. माती, हंगाम व साठवणुकीनुसार त्यांचे प्रमाण बदलते. नेमके कोणते द्रव्य काम करते, शरीरात ते किती वेळ टिकते आणि कोणत्या मात्रेला अपाय करते, हे कळल्याशिवाय त्याचे दोष दूर करता येत नाहीत. गालेगा आणि सफरचंदाच्या सालीबाबत नेमके हेच काम पूर्ण झाले.

रुग्णांनी काय लक्षात घ्यावे?

फेरफार करून घडविलेली औषधेही दोषमुक्त नाहीत. मूत्रपिंडाचे कार्य फारच मंदावलेल्या रुग्णांना मेटफॉर्मिन दिले जात नाही. एसजीएलटी-२ गटातील औषधांमुळे जननेंद्रियांना बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि क्वचित रक्तात कीटोन आम्ले साचू शकतात. परंतु हे धोके मोजले गेले आहेत आणि म्हणून ते टाळताही येतात. काढा वा चूर्णाबाबत अशी मोजदाद सहसा झालेली नसते.

त्यामुळे झाडपाल्याच्या भरवशावर सुरू असलेली गोळी अथवा इन्शुलिन परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांची साखर एकाएकी खूप उतरण्याचीही शक्यता असते. घेत असलेल्या प्रत्येक चूर्णाची व रसाची माहिती डॉक्टरांना देणे, हाच सुरक्षित मार्ग होय. किमतीचा अडसरही आता बराच कमी झाला आहे. डॅपाग्लिफ्लोझिनचे भारतातील मुख्य पेटंट २०२० मध्ये, तर एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले आणि अनेक भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. सफरचंदाच्या सालीतून सुरू झालेला हा शोध त्यामुळे सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आला आहे.