वेळ चुकलेली पोरं

एप्रिल १९७४. बँकॉकमध्ये आशियाई कुमार फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना. एका बाजूला इराण, दुसऱ्या बाजूला भारत. सामना २-२ असा सुटला आणि दोघांना संयुक्त विजेते ठरवण्यात आलं. त्या काळी अशी वाटणी चालत असे. भारताचा कर्णधार होता हैदराबादचा शब्बीर अली. आशियाई पातळीवर भारताच्या कुमारांनी जिंकलेलं हे पहिलं विजेतेपद, आणि पन्नास वर्षं उलटून गेली तरी अजून एकमेवच. आज कुणालाही विचारून पाहा, आठवणीत निघेल १९८३चा क्रिकेट विश्वचषक. फार तर १९७५चा हॉकीचा. बँकॉकचं नाव निघणार नाही.

विसर पडण्यामागे एक साधं कारण आहे. ते विजेतेपद पुढे कुठेच जात नव्हतं.

ही स्पर्धा सुरू झाली १९५९ साली, क्वालालंपूरला. मलायाचे पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान यांची ती हौस. गडी फुटबॉलचा वेडा. आशियाई फुटबॉल महासंघाचं अध्यक्षपद त्यांनी १९५८ ते १९७६ एवढा काळ सांभाळलं. वीस वर्षांखालच्या पोरांना दर वर्षी एकत्र आणायचं, खेळवायचं आणि घरी पाठवायचं, एवढीच मूळ कल्पना. त्या वयाच्या पोरांसाठी जागतिक स्पर्धा तेव्हा अस्तित्वातच नव्हती. फिफाने ती भरवली १९७७ साली, ट्युनिशियात. आशियातून इराण आणि इराक तिथे गेले. १९७३ ते १९७६ अशी सलग चार वर्षं, कधी एकट्याने तर कधी कुणाबरोबर वाटून, आशियाई करंडक इराणकडे होता. त्यामुळे दार उघडलं तेव्हा तो उंबऱ्यावर उभाच होता. भारत तिथून केव्हाच निघून गेला होता.

निघून कुठे गेला, तेही पाहण्यासारखं आहे. बँकॉकनंतर पाच महिन्यांनी तेहरानला आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. तिथे भारताचा वरिष्ठ संघ तिन्ही सामने हरला. इराककडून ०-३, उत्तर कोरियाकडून १-४ आणि चीनकडून १-७. ज्या वर्षी आपली पोरं आशियात पहिली आली, त्याच वर्षी आपले मोठे तळाशी गेले. कारण उघड होतं. आपल्याकडे कुमार संघ स्पर्धेपुरता जमायचा आणि स्पर्धा संपली की पांगायचा. सुब्रोतो करंडक होता, १९६० पासून दिल्लीत चालणारी शालेय स्पर्धा. राज्यांच्या कुमार संघांसाठी बी. सी. रॉय करंडक होता. पोरं तिथे दिसायची, निवडली जायची, पंधरवडाभर शिबिर व्हायचं, विमान पकडलं जायचं. परत आल्यावर ज्याला त्याला कलकत्त्याचा एखादा क्लब किंवा बँक, रेल्वे, पोलिसांची नोकरी शोधावी लागे. शब्बीर अलींनी पुढे कलकत्त्यातले मोठे क्लब गाजवले, प्रशिक्षक म्हणून गोव्याच्या साळगावकर संघाला राष्ट्रीय लीग जिंकून दिली, आणि २०११ साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. एकट्या माणसाची कारकीर्द अशी घडते. संघाची घडायला त्याच्या मागे दुसरी फळी लागते.

इथे कुमार संघांची एक अडचण सांगायला हवी. या संघाला वंश असतो, वारस नसतात. वरिष्ठ संघात एखादा खेळाडू दहा-बारा वर्षं टिकतो, नव्यांना शिकवतो. सतरा वर्षांखालचा संघ दर दोन वर्षांनी मुळापासून नवा बांधावा लागतो. जर्सी तीच, नाव तेच, आतली माणसं सगळी वेगळी. त्यातून जन्मतारखांचे घोळ. दाढी फुटलेले ‘पंधरा वर्षांचे’ बचावपटू आशिया-आफ्रिकेतल्या मैदानांवर कमी दिसलेले नाहीत, आणि आपण त्यात सोवळे होतो असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. २००९ पासून फिफाने १७ वर्षांखालील विश्वचषकात मनगटाचं एमआरआय सुरू केलं. मनगटाजवळच्या हाडाची वाढीची पट्टी पूर्ण जुळून आली असेल, तर पोरगं जवळजवळ नक्कीच सतरा ओलांडलेलं. शाळेचा दाखला कितीही शिक्क्यांचा असला तरी हाडापुढे त्याचं चालत नाही.

१६ वर्षांखालच्या पोरांची जागतिक स्पर्धा १९८५ साली चीनमध्ये सुरू झाली. पुढे तिची मर्यादा १७ झाली. सौदी अरेबियाने १९८९ साली ती जिंकूनही दाखवली. १९८७ मध्ये जमशेदपूरला टाटा फुटबॉल अकादमी उभी राहिली, पोरांना वर्षभर एका जागी ठेवून शिकवणं सुरू झालं, पण तीही एकटीच. २००२ साली अबुधाबीत भारताची पोरं आशियाई उपउपांत्य फेरीपर्यंत गेली. विश्वचषकाचं दार तिथूनही पुढेच होतं.

मग डिसेंबर २०१३ मध्ये फिफाने २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचं यजमानपद भारताला दिलं. यजमानाला पात्रता फेरी खेळावी लागत नाही. नियमाच्या त्या एका ओळीने भारताचा फुटबॉल संघ पहिल्यांदा फिफाच्या विश्वचषकात शिरला.

ही चार वर्षं मात्र वाया गेली नाहीत. देशभर निवड चाचण्या झाल्या, गोव्यात दीर्घ शिबिर चाललं, पोरांना परदेशात सामने मिळाले. २०१६च्या सप्टेंबरमध्ये गोव्यातच आशियाई १६ वर्षांखालील स्पर्धा झाली. सौदीशी ३-३ अशी बरोबरी झाली खरी, पण गटाबाहेर पडता आलं नाही. जर्मन प्रशिक्षक निकोलाय ॲडम यांचं खेळाडूंशी बिनसलं आणि २०१७च्या सुरुवातीला ते गेले. त्यांच्या जागी पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस आले. मातोस यांनी आल्या आल्या संघाची कवाडं पुन्हा उघडली. पंजाबच्या मिनर्व्हा अकादमीच्या पोरांनी सराव सामन्यात खुद्द राष्ट्रीय संघाला हरवलं, तेव्हा त्यांनी त्यातले काही सरळ आपल्याकडे ओढून घेतले. त्यांपैकी एक उंच, शांत मणिपुरी मध्यरक्षक. नाव जीक्सन सिंग. आधीच्या चाचण्यांत तो बाहेर राहिला होता.

अंतिम २१ जणांत आठ मणिपूरचे होते. कर्णधार अमरजित सिंग त्यांतलाच, जीक्सनचा चुलतभाऊ. ज्या राज्याची लोकसंख्या पुणे शहराएवढीही नाही, तिथून संघाचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा. यावर बरंच लिहिलं गेलं आहे, म्हणून मी महाराष्ट्राच्या दोघांकडे वळतो. एक नमित देशपांडे, मुंबईत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला बचावपटू. आणि दुसरा कोल्हापूरचा अनिकेत जाधव.

कोल्हापूरचं फुटबॉल ही वेगळीच चीज आहे. महाराष्ट्रात इतर ठिकाणी फुटबॉल शाळा-कॉलेजांतून, गिरण्या-बँकांच्या संघांतून आणि मिशनऱ्यांकडून आलं असेल. कोल्हापुरात ते तालमींतून वाढलं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही कुस्तीच्या आखाड्यांची नावं, आणि त्याच नावांचे फुटबॉल संघ. शाहू स्टेडियमवर पाटाकडीलचा सामना असला की पेठांचा हिशेब तिथेच चुकता होतो. इतकी गर्दी, इतकी ईर्षा आणि इतका जुना वारसा असूनही भारताच्या संघात कोल्हापूर फारसं दिसलं नाही. पेठेतला हिरो पेठेतच राहायचा, कारण त्याला तिथे मान होता आणि बाहेर कुणी विचारत नव्हतं. अनिकेत लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथून राष्ट्रीय शिबिरात. वेळेवर गाव सोडलं म्हणून तो विश्वचषकात आघाडीला खेळला. हे कोल्हापूरकरांना रुचणार नाही, पण खरं आहे.

स्पर्धेआधी महाराष्ट्र सरकारने १५ सप्टेंबरला राज्यभर एका दिवशी लाखो मुलांना फुटबॉल खेळायला लावलं, शाळांना चेंडू वाटले. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर उपांत्य सामन्यासह बरेच सामने झाले. भारताचे तिन्ही सामने मात्र दिल्लीत.

६ ऑक्टोबर २०१७, अमेरिकेविरुद्ध. पूर्वार्धात पेनल्टीवर अमेरिकेचा एक गोल, मध्यंतरानंतर दुसरा. शेवटच्या काही मिनिटांत अन्वर अलीने मारलेला चेंडू आडव्या खांबावर आपटला. तो परत आला तसा अमेरिकनांनी उचलला आणि त्याच प्रतिहल्ल्यात तिसरा गोल केला. भारताचं खातं उघडायच्या ऐवजी ०-३. फुटबॉलमध्ये एवढा क्रूर क्षण मी क्वचित पाहिलाय.

९ ऑक्टोबर, कोलंबियाविरुद्ध. पूर्वार्धाच्या शेवटी राहुलचा फटका खांबाला लागला. मध्यंतरानंतर पेन्यालोसाने कोलंबियाला पुढे नेलं. मग ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने कॉर्नर घेतला आणि जीक्सन उसळला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. नेहरू स्टेडियम उभं राहिलं, पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, आणि त्या गोंधळात मिनिटभराच्या आत पेन्यालोसाने दुसरा गोल घातला. १-२. आनंद आवरून जागेवर परतायचं असतं, हे कळायला मोठ्या सामन्यांची सवय लागते, आणि ती सवय यजमानपदाबरोबर मिळत नाही.

तिसऱ्या सामन्यात घानाने ४-० असं झोडपलं. गोलरक्षक धीरज सिंगने तिन्ही सामन्यांत इतके चेंडू अडवले की गोलफलक आहे त्याहून वाईट दिसला नाही. तीन सामने, एक गोल, नऊ गोल अंगावर. स्पर्धा इंग्लंडने जिंकली, कोलकात्यात स्पेनवर ५-२ असा विजय मिळवून. साडेतेरा लाखांच्या आसपास प्रेक्षक आले, तोवरचा या स्पर्धेचा उच्चांक.

यानंतर एक गोष्ट १९७४ पेक्षा वेगळी घडली. पोरं पांगली नाहीत. त्यांना ‘इंडियन ॲरोज’ म्हणून एकत्र ठेवून आय-लीगमध्ये प्रौढांविरुद्ध उतरवलं गेलं. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधल्या कोतिफ स्पर्धेत भारताच्या २० वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २-१ असं हरवलं. दीपक टांगरीने सुरुवातीलाच गोल केला, अन्वर अलीने फ्री किकवर दुसरा. अनिकेतला लाल कार्ड दिसल्याने भारत दहा जणांवर आला होता, हे विशेष. समोरच्या बाकावर प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी. तोच माणूस, ज्याने चार वर्षांनी अर्जेंटिनाला कतारमध्ये विश्वविजेतं केलं. ती स्पर्धा निमंत्रितांची होती, अर्जेंटिनाने पुढे ती जिंकलीही. पण त्या संध्याकाळचा निकाल कागदावरून कुणी खोडू शकत नाही. या पिढीतले जीक्सन, सुरेश, अन्वर, अपुइया, रहीम अली पुढे वरिष्ठ संघात गेले.

त्याच वर्षी खऱ्या अर्थाने दार हाताशी आलं. गोव्याचे बिबियानो फर्नांडिस १६ वर्षांखालील संघ घेऊन मलेशियात आशियाई स्पर्धेला गेले. व्हिएतनामवर १-०, इराण आणि इंडोनेशियाशी गोलशून्य बरोबरी. गटात एकही गोल अंगावर नाही. उपउपांत्य सामना दक्षिण कोरियाशी. जिंकले असते तर यजमानपदाशिवाय, स्वतःच्या पायांवर विश्वचषक. गोलरक्षक नीरज कुमारने तासभर किल्ला लढवला. ६७व्या मिनिटाला गोल झाला. ०-१.

तेव्हा आशियातून उपांत्य फेरीतले चारच संघ जात. आता १७ वर्षांखालील विश्वचषक ४८ संघांचा झालाय, आणि उपउपांत्य फेरी गाठलेल्या आशियाई संघांना थेट प्रवेश आहे. म्हणजे २००२ची पोरं आणि २०१८ची पोरं, दोन्ही आजच्या नियमाने विश्वचषक खेळली असती.

मुलींच्या वाट्याला तर याहून विचित्र वेळ आली. २०२०चा १७ वर्षांखालील महिला विश्वचषक भारतात होणार होता; करोनाने तो रद्द झाला. त्यासाठी तयार झालेल्या बहुतेक मुली वयाने बाद झाल्या. २०२२ची स्पर्धा पुन्हा भारताला मिळाली, तर त्या वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं. अकरा दिवसांत निलंबन उठलं आणि ऑक्टोबरमध्ये स्पर्धा झाली. झारखंडची अस्तम उराव कर्णधार, पुण्याची काजोल डिसूझा संघात. भुवनेश्वरमध्ये भारताला अमेरिकेने ८-०, मोरोक्कोने ३-०, ब्राझीलने ५-० असं हरवलं. अंतिम सामना नवी मुंबईत झाला, स्पेनने कोलंबियाला १-० असं नमवलं.

त्यानंतरची मुलांची गोष्ट चढउतारांची आहे. २०२३च्या आशियाई स्पर्धेत जपानने आठ गोल घातले, पण भारतानेही चार परत दिले. जपानला चार गोल घालणारे संघ या वयोगटात फार नाहीत. पुढच्या स्पर्धेची पात्रताच हुकली. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला पात्रता गटाचा शेवटचा सामना, समोर इराण. पिछाडीवरून येऊन बिबियानोंच्या पोरांनी तो २-१ असा जिंकला आणि २०२६च्या आशियाई स्पर्धेचं तिकीट काढलं. मुलींनी तर त्याआधीच, बिश्केकमध्ये किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तानला प्रत्येकी २-१ असं हरवून, पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशियाई स्पर्धा गाठली होती. यजमान म्हणून थेट प्रवेश दोघांनाही मिळालेला नव्हता.