नोंदवहींतील एक रकाना

व्यसन आणि वेड यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न आजकालच्या संशोधकांस नवा वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याची पद्धतशीर चौकशी आपल्या देशांत सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं होऊन गेली, आणि तिच्यापासून निघणारा धडा पुण्यास तर फारच जवळचा आहे.

इ. स. १८९३ च्या मार्च महिन्यांत ब्रिटिश पार्लमेंटांत हिंदुस्थानांतील गांजाविषयीं प्रश्न उपस्थित झाला. वेड्यांचीं इस्पितळें गंजेकसांनीं भरलेलीं आहेत, असा त्या काळीं सार्वत्रिक समज होता. सरकारनें मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं सात सभासदांचें कमिशन नेमलें. त्यांत तीन एतद्देशीय गृहस्थ होते. कमिशननें १,१९३ साक्षीदारांचें म्हणणें घेतलें; पण खरें महत्त्वाचें काम त्यानें केलें तें इस्पितळांच्या नोंदवह्या तपासण्याचें.

१८९२ सालीं दाखल झालेल्या १,३४४ रोग्यांपैकीं २२२ जणांच्या वेडाचें कारण म्हणून भांग-गांजाची नोंद होती. कमिशननें प्रत्येक प्रकरणाची नव्यानें चौकशी करविली, तेव्हां ९८ जणांच्याच बाबतींत ती नोंद टिकली. आणि त्यांतही केवळ याच अमलानें वेड लागलें असें म्हणतां येण्याजोगे अवघे ६१ निघाले! मग एवढी चूक झाली कशी? तर रोग्यास धाडतांना कारणाचा रकाना बहुधा पोलीस किंवा मॅजिस्ट्रेट यांच्या कचेरींतच भरला जाई. इसम गांजा ओढतो एवढें कळलें कीं काम भागलें. इस्पितळांतील डॉक्टर तेंच उतरून घेत, आणि त्या नोंदींची बेरीज पुढें 'शास्त्रीय पुरावा' म्हणून मिरवे. मन बिघडल्यामुळें मनुष्य नशेकडे वळला असेल, ही शंका त्या रकान्यास कधीं शिवलीच नाहीं.

अतिसेवनानें मनास अपाय होतो, हें कमिशननेंही नाकारलें नाहीं. आणि आजचें संशोधन त्यास दुजोराच देतें. मात्र कार्यकारणाचा धागा दोन्ही दिशांनीं ओढला जातो, हेंही तें सांगतें.

पुण्यांत येरवड्याचें विस्तीर्ण मनोरुग्णालय विसाव्या शतकाच्या आरंभीं उभें राहिलें. त्याच आवारांत २९ ऑगस्ट १९८६ रोजीं 'मुक्तांगण' व्यसनमुक्ति केंद्र सुरू झालें, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. गर्दनें तरुण पिढीस ग्रासलें असतां डॉ. अनिल अवचट यांनीं त्यावर लेखन केलें. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट या त्या मनोरुग्णालयांतच काम करीत. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें हें कार्य आकारास आलें. येथें पस्तीस दिवसांचा निवासी उपचार असतो. रोग्यांच्या पत्नींसही आधार दिला जातो. आणि व्यसनांतून सुटलेले कित्येक जण पुढें इतरांचे सोबती होतात. ज्यास लोक गुन्हेगार वा नादान म्हणत, त्यास येथें प्रथम 'रुग्णमित्र' मानलें गेलें. रोग्याकडून त्याची हकीकत ऐकून घेणें हाच उपचाराचा आरंभ ठरला. १८९३ च्या चौकशीचाही मथितार्थ दुसरा कोणता होता?

पुढें २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें दारू व अमली पदार्थ यांच्या सेवनाशीं निगडित मनोविकारांस मानसिक आजारांच्या व्याख्येंत स्थान दिलें, आणि उपचार हा रोग्याचा हक्क ठरविला. कायदा येथवर आला; समाजाची मजल अद्यापि तेथवर गेलेली नाहीं. सुशिक्षित घरांतही मुलाचें व्यसन आधीं लपविलें जातें, मग त्याच्या चारित्र्यावर ठपका येतो, आणि वैद्याची आठवण सर्वांत शेवटीं होते. तोंवर रोग बळावतो, आणि कधीं कधीं रोगीही हातचा जातो.

कारणाचा तो जुना रकाना आतां इस्पितळांत नाहीं, आपल्या घरांत आहे. तो कचेरीच्या घाईनें भरावयाचा कीं वैद्याच्या सबुरीनें, याचा निर्णय मात्र आपणांसच करावयाचा आहे.