एक अधिक एक, दहा!

गेल्या दिवाळीत आमच्या धाकट्या कन्येने ओसरीवर पाच पणत्या ओळीने मांडल्या. उजवीकडून पहिलीची किंमत एक, दुसरीची दोन, मग चार, आठ अन् सोळा. पेटलेली तेवढी मोजायची. आठ, चार आणि एक पेटवून तिने तेरा दाखवले. इतक्यात झुळूक आली, आठाची पणती विझली आणि तेराचे पाच झाले! द्विमान पद्धती म्हणतात ती एवढीच. पाच पणत्यांत शून्यापासून एकतीसपर्यंत सारे आकडे बसतात. तेरा लिहायचे ०११०१.

दोहोंचा खेळ आपल्याकडे जुना आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंचा प्रस्तार आहे. दोन अक्षरांचे चार प्रकार, तीन अक्षरांचे आठ. वृत्ते शिकताना आपण घोकलेले आठ गण ते हेच. प्रस्तारातील अमक्या क्रमांकाची ओळ कोणती, हे संख्या निम्मी निम्मी करीत काढण्याची रीतही तेथे आहे. मात्र पिंगलाला वृत्ते मोजायची होती, हिशेब करायचा नव्हता. संगणकाचे श्रेय उगाच त्याच्या माथी मारू नये, असे माझे मत.

हिशेबाचा विचार जर्मनीच्या लायब्निझने केला. १६७९ च्या एका टिपणात त्याने गोट्यांचे यंत्र कल्पिले: भोक उघडे असले की गोटी खाली पडते, तो एक, बंद असले की शून्य. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या १७०३ सालच्या वृत्तांतात त्याचा द्विमान अंकगणितावरील निबंधही आला. पण यंत्र कागदावरच राहिले. शंभर लिहायला ११००१०० असे सात अंक लागतात. वाण्याच्या वहीत हे कोण मांडणार?

माणसाला अडचणीची ही रीत यंत्राला मात्र मानवली. १९३७ मध्ये जॉर्ज स्टिबिट्झ हा गणिती न्यूयॉर्कच्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत रिले पाहत होता. रिलेच्या वेटोळ्यातून वीज गेली की लोखंडाचे चुंबक होते आणि पट्टी टक्कन ओढली जाते. वीज थांबली की पट्टी मागे. पणतीसारखेच, दोनच अवस्था! स्टिबिट्झने टाकाऊ रिले घरी नेले. स्वयंपाकघरातील टेबलावर दोन रिले, टॉर्चचे दोन दिवे, बॅटरी आणि तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या कळा एका फळीवर जोडल्या. एक कळ दाबली की बेरजेचा दिवा लागे. दोन्ही दाबल्या की तो विझून हातच्याचा लागे. एक अधिक एक, दहा! हे दहा 'एक-शून्य' असे वाचायचे, किंमत दोनच. बाईंनी इंग्रजी 'किचन'च्या आद्याक्षरावरून त्याचे नाव ठेवले 'मॉडेल के'.

पुढे चारशेहून अधिक रिलेंचे यंत्र झाले. ११ सप्टेंबर १९४० रोजी डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांच्या सभेत स्टिबिट्झने टेलिप्रिंटरवर उदाहरणे टंकली. यंत्र होते दूर न्यूयॉर्कला, उत्तरे तारेवरून आली.

मॉडेल के आजही घरी करता येते. रिले बाजारात मिळतात आणि तंबाखूच्या डब्याऐवजी बिस्किटांचा चालतो. मात्र मुलांनो, वीज बॅटरीचीच घ्या. भिंतीतल्या प्लगला हात लावाल तर याद राखा. कन्येचा पत्रा कापून झाला आहे. दोन रिले तेवढे आणायचे आहेत.