जात्याची घरघर आणि बाळाचे कान

पहाटेच्या अंधारात जात्याची घरघर चालू आहे. आई दळते आहे, मांडीवर लेकरू आहे आणि खुंट्याच्या फेऱ्याबरोबर ओवी चालली आहे. पिठाच्या गिरण्या येईपर्यंत बीड जिल्ह्यात हे दृश्य घरोघर दिसे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या काही १९९६ साली माजलगावात ध्वनिमुद्रित झाल्या. बायांच्या मनात काय होते, हे त्यांतून कळते. मांडीवरचे लेकरू त्यातून काय शिकत होते?

बीडमध्ये हा प्रश्न एकाच भाषेचा नव्हता. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. कुठे घरात मराठी, कुठे मोहल्ल्यात दखनी, तर तांड्यावर गोरमाटी. पाळणा एका भाषेत आणि परीक्षा दुसऱ्या, असा तो काळ होता.

अनेक भाषांनी मूल गोंधळते, या समजाला त्याच सुमारास शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे वाटले. १९२३ साली सेअर यांनी वेल्समधल्या मुलांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. खेड्यांतली द्विभाषिक मुले त्यांत मागे पडली. परंतु घरची परिस्थिती आणि भाषा यांचा परिणाम येथे वेगळा केलेला नव्हता. १९६२ साली पील आणि लॅम्बर्ट यांनी माँट्रियलमध्ये सारख्या परिस्थितीतली दहा वर्षांची मुले घेतली, तेव्हा द्विभाषिक मुले पुढे निघाली. त्यांनी दोन्ही भाषा उत्तम येणारी मुलेच निवडली होती. त्यामुळे दोन भाषांनी बुद्धी वाढते, असे यावरून म्हणता येत नाही. मात्र दुसरी भाषा हे ओझेच असते, हा दावा टिकला नाही.

पुढे शास्त्रज्ञ थेट पाळण्यापाशी पोचले. १९८४ साली वर्कर आणि टीस यांनी हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळेना. हिंदी ऐकणाऱ्या बाळांची ती क्षमता मात्र टिकली. म्हणजे कान पहिल्याच वर्षी घडतो.

भाषा वेगळ्या ओळखण्याची पहिली खूण आहे लय. १९९८ साली नाझी आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या नवजात बाळांना शब्द कळणार नाहीत, केवळ सूर आणि लय उरेल अशा प्रकारे गाळलेले बोलणे ऐकवले. त्यांनी इंग्रजी आणि जपानी वेगळ्या ओळखल्या. इंग्रजी आणि डच यांची लय जवळची. त्यांतला फरक त्यांना कळला नाही. २०१६ साली झाओ आणि कूल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना तीन मात्रांच्या संगीतावर बारा वेळा खेळवले. नंतर संगीतातली लय मोडली, तशीच बोलण्यातली लय मोडली, तरी त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद इतर बाळांपेक्षा ठळक होता. हा प्रयोग ओवीचा नव्हता. पण ताल आणि बोली मेंदूत शेजारी नांदतात, हे त्यातून दिसते.

मग टेप लावून भागेल का? कूल यांच्याच २००३ च्या प्रयोगात अमेरिकन बाळे समोर बसलेल्या माणसाकडून चिनी ध्वनी शिकली; तेच ध्वनी पडद्यावरून किंवा टेपवरून ऐकून शिकली नाहीत.

शिक्षकांसाठी याचा अर्थ साधा आहे. तांड्यावरचे, किंवा आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन आलेले मूल वर्गात गप्प बसते. आपण आईला सांगतो, “घरी मराठीच बोलत जा.” जिला मराठी नीट येत नाही ती आई मग कमी बोलते आणि गाणे तर सोडूनच देते. मुलाला मराठी मिळत नाही आणि गोरमाटीही आटते. त्यापेक्षा आईला सांगावे, “तुमच्याच भाषेत भरपूर बोला, गा, मराठी आम्ही शिकवू.” आणि एखाद्या सकाळी त्या मुलाला तांड्यावरचे गाणे म्हणायला सांगावे. बाकीच्या वर्गाने टाळ्यांचा ठेका धरावा.