डाग की मोड?

वैशाखातल्या संध्याकाळी, वारा पडलेला असताना, श्रोत्यांपुढे ऊन पाण्याचा विषय मांडणे हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु या विषयाचा खटला आमच्या घरी गेल्या माघ महिन्यात उभा राहिला, आणि त्याचा निकाल देण्यासाठी आम्हांला थेट रोमपर्यंत जावे लागले. तो प्रवास श्रोत्यांना सांगावा, एवढाच आजचा हेतू.

खटला असा. आमच्या घरी पाणी तापविण्याची दोन साधने आहेत. माडीवरच्या न्हाणीघरात विजेचा गीझर. त्याला आठ वर्षे झाली. मागच्या पडवीत तांब्याचा बंब. त्यावर आमच्या आजीचे नाव कोरलेले आहे आणि खाली सन १९४८. एकाच पंधरवड्यात दोन्ही गळू लागले. गीझरचा कारागीर आला, त्याने टाकीला कान लावला, बोट फिरवले आणि म्हणाला, "काका, टाकी गेली. नवीनच घ्या." बंब पाहून आमचे शेजारी म्हणाले, "मोडीत घाला. तांब्याला भाव चांगला आहे." आमची पहिली समजूत अशी की, जे जुने ते टाकावे आणि जे नवे ते दुरुस्त करावे. प्रत्यक्षात जाणत्यांचे म्हणणे बरोबर उलटे निघाले. असे का व्हावे, याचा शोध घेता घेता इतिहास लागला.

प्रथम बंबाकडे पाहू. हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आलेला. त्याचा मूळ अर्थ पाणी उपसण्याचा पंप. म्हणून मराठीत आग विझविणारा तोही बंब आणि आग पोटात घेऊन पाणी तापविणारा तोही बंब! रचना साधी. मधोमध एक उभा नळा, त्याच्या तळाशी जाळी, नळ्यात कोळसे, गोवऱ्या, नारळाच्या शेंड्या, जे हाताशी असेल ते, नळ्याभोवती पाणी, बाजूला तोटी. जाळ पाण्याच्या मध्यभागी असल्यामुळे चुलीवरच्या हंड्यापेक्षा ऊब कमी वाया जाते. काही बंबांत तोटीच नसते; वरच्या चाडीतून जितके गार पाणी ओतावे तितकेच ऊन पाणी चोचीतून बाहेर येते. असा बंब कधी कोरडा पडत नाही. आमच्यासारख्या तोटीच्या बंबात मात्र काढणाऱ्याने आठवणीने ओतावे लागते, आणि आमच्या खटल्याचे मूळ इथेच आहे हे पुढे दिसेल.

ही कल्पना केवळ आपलीच असे मात्र समजू नये. रशियातल्या सामोवाराची रचना नेमकी हीच. तुला या शहरात लिसित्सिन बंधूंनी १७७८ साली सामोवारांचा कारखाना घातला आणि ते शहर पुढे त्यासाठीच प्रसिद्ध झाले. सामोवार म्हणजे 'स्वतःच उकळणारे'. त्याच्याही अठराशे वर्षे आधी रोमन घरांत 'ऑथेप्सा' नावाचे भांडे होते. सिसरोने आपल्या एका भाषणात त्याचा उल्लेख केला आहे. त्या ग्रीक शब्दाचाही अर्थ 'स्वतःच शिजविणारे' असाच. मोठ्या स्नानगृहांची गोष्ट वेगळी. तिथे कशी व्यवस्था असावी हे व्हिट्रूव्हियस या स्थापत्यशास्त्रज्ञाने लिहून ठेवले आहे. भट्टीवर काशाची तीन पात्रे, एक ऊन पाण्याचे, एक कोमट, एक गार. ऊन पाण्याच्या पात्रातून जितके पाणी जाईल तितके कोमटातून त्यात उतरावे आणि कोमटात गारातून. म्हणजे तापलेल्या पात्रावर एकदम गार पाण्याचा मारा होत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाला विसण कुठे घालावे आणि कुठे घालू नये हे ठाऊक होते असे म्हणावयास हरकत नाही.

गीझरचे कूळ पुष्कळ अलीकडचे. लंडनमधल्या बेंजामिन वॅडी मॉन या गृहस्थाने १८६८ साली गॅसवर तत्काळ पाणी तापविणारे यंत्र काढले आणि आइसलंडमधल्या उष्ण कारंज्याच्या नावावरून त्याचे नाव गीझर ठेवले. त्याला धुराडे नव्हते. बंद न्हाणीघरात जळलेल्या गॅसचा विषारी वायू साचणे किती घातक, हे आजही गॅसच्या गीझरमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्यांवरून आपणांस कळते. पुढे पिट्सबर्गमध्ये एडविन रूड या नॉर्वेजियन यंत्रज्ञाने १८८९ च्या सुमारास आपोआप चालणारा, साठ्याचा तापक बनविला. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने १८९१ साली सूर्यावर पाणी तापविण्याचे पेटंट घेतले. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे; आज तो सोडून देतो.

आमच्या खटल्यासाठी महत्त्वाची गोष्ट या यंत्रांत नसून टाकीत आहे. बंब उघडा असतो. त्यातल्या पाण्याला वर वाट आहे, वाफ कोंडत नाही, म्हणून त्याच्या सांध्याला फक्त पाण्याचे वजन पेलावे लागते. गीझरची टाकी बंद असते, नळाचा दाब तिच्यावर सतत असतो. कोंडलेल्या वाफेचे बळ काय असते, हे डेनिस पापँने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत आपले दाबपात्र दाखविले तेव्हापासून जगाला माहीत आहे. त्या पात्रासाठीच त्याला सुरक्षा-झडप योजावी लागली. तीच झडप आज प्रत्येक गीझरच्या पोटाखाली असते, आणि ती थेंब गाळू लागली की पुष्कळ लोक ती बुजवून टाकतात. हे कृपा करून कोणी करू नये.

बंद टाकी पोलादाची करणे स्वस्त आणि मजबूत. पण पोलाद गंजते. यावर तोड म्हणून टाकीला आतून काचेसारखा मुलामा देण्याची रीत निघाली, अमेरिकेत ए. ओ. स्मिथ कंपनीने १९३६ साली तिचे पेटंट घेतले. मुलाम्याला कुठे ना कुठे सूक्ष्म छिद्र राहतेच. तिथे गंज लागू नये म्हणून टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी सोडतात. ती कांडी स्वतः झिजते आणि पोलादाला वाचविते. या युक्तीचा आरंभ समुद्रावर झाला. इंग्रजी आरमाराच्या लाकडी गलबतांना खालून तांब्याचे पत्रे ठोकीत, आणि खाऱ्या पाण्याने ते खाल्ले जात. सर हम्फ्री डेव्हीने १८२४ साली दाखवून दिले की, तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला की तो तुकडा झिजतो आणि तांबे शाबूत राहते. प्रयोग इतका यशस्वी झाला की तो सोडून द्यावा लागला! कारण तांबे विरघळत होते तेव्हाच समुद्रातले शिंपले आणि शेवाळ गलबताला चिकटत नव्हते. तांबे वाचले आणि गलबते शेवाळून मंदावली. आरमाराला निरुपयोगी ठरलेली ती विद्या आज आपल्या न्हाणीघरात नोकरी करते आहे.

आमच्या गीझरच्या कारागिराने ती कांडी बाहेर काढून दाखविली. तिची फक्त तार उरली होती. "ही दोन-तीन वर्षांनी बघायला हवी होती," तो म्हणाला. आठ वर्षांत आम्ही ती एकदाही पाहिली नव्हती. असे काही आत असते हेच आम्हांला ठाऊक नव्हते. कांडी, तापकाची वेटोळी, उष्णता-नियंत्रक, रबरी चकती, यांपैकी काही बिघडले असते तर दुरुस्ती शहाणपणाची. टाकीच पाझरली तर उपाय नाही. कारण झाळावयास जावे तर त्या उष्णतेने आतला मुलामा तडकतो आणि नवा गंज त्याच जागी सुरू होतो.

तांब्याचे तसे नाही. तांबे तापवून गार केले की मऊ पडते, ठोकले की पुन्हा घट्ट होते. म्हणून तांबट ते जितक्यांदा हवे तितक्यांदा हाताळू शकतो. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईच्या काळापासून याच विद्येवर उभी राहिली. कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांनी घागरी, हंडे, घंगाळी मठारून शहराला पुरविली. त्या अर्थकारणात टाकणे ही क्रियाच नव्हती. भांडे गळले तर डाग. डाग देऊन भागेना तर मोड. मोड म्हणजेही फेकणे नव्हे. जुन्याचे वजन करून त्याचा भाव नव्यात वळता करीत. 'मोडीत काढणे' हा आपला वाक्प्रचार भांड्यांच्या दुकानातलाच आहे. मोडीत एकच गोष्ट परत मिळत नसे: त्यावर कोरलेले नाव.

आम्ही बंब घेऊन तांबटांकडे गेलो. म्हाताऱ्या कारागिराने तो आडवा केला, नळ्यात हात घातला आणि आमच्याकडे न पाहताच विचारले, "काका, आत पाणी नसताना पेटवलात ना?"

आम्ही कबूल केले. दिवाळीत पाहुण्यांच्या गर्दीत कोणी पाणी काढले, कोणी ओतले नाही, आणि जाळ चालूच राहिला होता. तांबे वितळावयास हजार अंशांहून अधिक उष्णता लागते, पण डागाचे कथील-शिसे दोनशेच्या आसपासच पातळ होते. पाणी असेतोवर सांधा शंभरापलीकडे जात नाही. पाणी संपले की डाग सुटतो. "भांडं चांगलं आहे, अजून आमच्या नातवाच्या हातून डागून घ्याल," तो म्हणाला. मजुरी नव्या गीझरच्या चौथाईहूनही कमी होती.

इथे निकाल लागला असे आम्हांस वाटले. घरी येऊन तसे सांगितले. आमच्या वहिनी ताक घुसळीत होत्या. त्या म्हणाल्या, "डागून आणा की. पण मग तो पहाटे पेटवायचा कुणी, तेही ठरवून आणा."

या प्रश्नाला इतिहासात उत्तर सापडत नाही, आणि ते टाळूनही चालत नाही. बंबाचे गुणगान करणारे आम्ही पुरुष त्याच्यातून निघालेल्या ऊन पाण्याचे साक्षी आहोत. धुराच्या, राखेच्या, ओल्या गोवऱ्यांच्या आणि चिंचेने घासून काळ्या पडलेल्या हातांच्या साक्षी घरातल्या बायका आहेत. माणशी वीस लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यावयाचे तर हिशेबाने अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. तेवढ्यासाठी आमच्या आजीने किती वर्षे चार वाजता उठून फुंकणी हाती धरली असेल, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्या बंबावर नाव तिचे आहे. पण त्या पाण्याने पहिली आंघोळ तिने कधी केली असेल असे वाटत नाही.

शेवटी नवा गीझर आला, आणि त्याच्या कांडीची तपासणी केव्हा करावयाची ती तारीख आम्ही न्हाणीघराच्या दाराआड लिहून ठेवली. बंबही डागून आणला, या अटीवर की रविवारी आणि दिवाळीत तो आम्ही पेटवावयाचा आणि राखही आम्हीच काढावयाची. तांबटाने सांगितले होते की, पहिल्या रात्री भरून ठेवा आणि खाली कोरडा कागद घाला. आम्ही जुने वर्तमानपत्र घातले. पहाटे वहिनी आमच्या आधी उठून पडवीत गेल्या होत्या. "कागद कोरडा आहे," त्यांनी आतूनच हाक मारून सांगितले, "आता उठा. आज रविवार."