हैदराबादेत घरावरची इंटरनेटची तार, पेटी हलवायची असेल तर: अर्ज कुणाकडे करायचा, हक्क कुणाचा

हैदराबादच्या काचीगुडा, सुलतान बाजार किंवा दिलसुखनगरच्या आतल्या गल्लीत मान वर केली की विजेच्या खांबांवर काळ्या तारांचे गुंडाळे लोंबकळताना दिसतात. त्यातली एखादी तार आपल्याच भिंतीला खिळा ठोकून पुढं गेलेली असते. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ एक लोखंडी पेटी असते, तिच्यात हिरवा दिवा लुकलुकत असतो. ती कोण लावून गेलं, कधी लावून गेलं, हे घरमालकाला धड आठवत नाही. घर रंगवायला काढलं, वरचा मजला चढवायचा ठरला, किंवा घर विकून नांदेड-देगलूरकडं परतायचं झालं, की हा प्रश्न उभा राहतो: हे हलवायचं कुणी आणि सांगायचं कुणाला?

बरेच जण पक्कड घेऊन स्वतःच तार कापतात. ते धोक्याचं आहे आणि कायद्यातही बसत नाही.

हा विषय शहरात एकदम ऐरणीवर आला तो ऑगस्ट 2025 मध्ये. 17 ऑगस्टच्या रात्री रामंतापूरच्या गोकुळनगरात कृष्णजन्माष्टमीच्या मिरवणुकीत रथात विजेचा प्रवाह उतरला आणि पाच जणांचा जीव गेला. वरच्या तारांच्या जंजाळात लोंबणाऱ्या केबलकडं बोट दाखवलं गेलं. त्यानंतर लगेच बंडलागुडा भागात गणेशमूर्ती नेताना विजेच्या धक्क्यानं दोघांचा मृत्यू झाला. उपमुख्यमंत्री मल्लू भट्टी विक्रमार्क यांच्याकडं ऊर्जा खातंही आहे. त्यांनी खांबांवरच्या केबल काढण्याचे आदेश दिले आणि वीज कंपनीच्या, म्हणजे टीजीएसपीडीसीएलच्या, माणसांनी सरसकट तारा कापायला सुरुवात केली. हजारो घरांतलं इंटरनेट एकाएकी बंद पडलं. भारती एअरटेलनं तेलंगणा उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयानं विनापरवाना तारांबद्दल कडक भाषा वापरली. या सगळ्यात ग्राहकाला एक गोष्ट कळली: आपण महिन्याला पैसे भरतो ती तार खांबावर परवानगीनं आहे की नाही, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

फायबरच्या तारेत वीज नसते, मग भीती कसली, असं बरेचदा ऐकू येतं. काचेच्या धाग्यातून प्रकाशच जातो, हे खरं. पण खांबावरून खांबावर ताणलेल्या बऱ्याच केबलींना वजन पेलायला पोलादी तार जोडलेली असते. ती तार ताण सुटून 11 केव्हीच्या वाहिनीला टेकली, तर प्रवाह तिच्यातून धावतो. जुन्या केबल टीव्हीच्या तारेत तर तांबंच असतं. शिवाय काही इमारतींत गच्चीवरच्या स्विचपासून घरापर्यंत साधी तांब्याची लॅन केबल खाली सोडलेली असते, आणि तो स्विच इमारतीच्या विजेवर चालतो. म्हणून पावसाळ्यात ओल्या गच्चीवर उभं राहून लोंबणारी तार हातानं ओढणं हा शुद्ध आततायीपणा आहे. फायबर कापलीच, तर तुटलेल्या टोकाकडं डोळा लावून पाहू नये. आतला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

आधी ओळखा, वस्तू कुणाची

अर्ज कुणाकडं करायचा हे वस्तू कुठं आहे आणि कुणासाठी आहे यावर ठरतं. घराच्या आतला राउटर आणि फायबरची तार जिथं संपते ती छोटी पेटी (तिला ओएनटी म्हणतात) या बहुधा कंपनीच्या मालकीच्या असतात, ग्राहकाकडं वापरायला दिलेल्या. इथं ग्राहक म्हणून तुमचं नातं आहे. भिंतीवरून किंवा गच्चीवरून दुसऱ्यांच्या घरी जाणारी तार, स्प्लिटरचा डबा, स्विचची पेटी हे कंपनीचं जाळं झालं. तिथं तुम्ही जागेचे मालक म्हणून बोलता. रस्त्यावरचा खांब वीज कंपनीचा. लोक त्याला अजून ‘करंट ऑफिस’चा खांब म्हणतात. त्यावरच्या तारेला हात लावण्याचा अधिकार तुम्हालाही नाही आणि परवानगीशिवाय इंटरनेटवाल्यालाही नाही.

घरातल्या पेट्यांचं काम त्यातल्या त्यात सोपं. जोडणी बंद करायची विनंती ॲपवर, फोनवर किंवा ईमेलवर करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. ‘ट्राय’ची 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेली सेवा-दर्जा नियमावली ब्रॉडबँडलाही लागू आहे. तिच्यानुसार सेवा 7 दिवसांत बंद व्हायला हवी आणि अनामत रक्कम 45 दिवसांत परत मिळायला हवी. राउटर न्यायला माणूस आला की पावती मागा. पावती नाही म्हणाला तर पेटीच्या पाठीमागच्या अनुक्रमांकाचा फोटो आणि पेटी हातात देतानाचा एक फोटो काढून ठेवा. पोरं अमीरपेटची खोली सोडून गावाकडं जातात, राउटर खोलीमालकाकडं राहतो, आणि पुढं उपकरण परत न केल्याचं बिल फोनवर येतं. ही कटकट एका फोटोनं टळते.

कंपनी ऐकत नसेल तर 2012 च्या ग्राहक तक्रार नियमांनुसार दोन पायऱ्या आहेत. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, मग त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण. अपिलाचा निकाल 39 दिवसांत लागायला हवा, अपिलासाठी पैसे पडत नाहीत. तिथंही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. टेलिफोन-इंटरनेटच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2022 मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

भिंत माझी, तार दुसऱ्याची

खरी अडचण इथं आहे. इंग्रजांच्या 1885 च्या तार कायद्यातही याचा विचार होता. कलम 10 नं सरकारला लोकांच्या जमिनीवर तार नेण्याचा अधिकार दिला, पण त्यातून जमिनीवर मालकी येत नाही, फक्त वापराचा हक्क येतो, असंही बजावलं. कलम 17 प्रमाणं जमीनमालकाला स्वतःची जागा वेगळ्या रीतीनं वापरायची असेल, तर तो तार जागेच्या दुसऱ्या भागात किंवा वर-खाली हलवा असं सांगू शकत होता. ऐकलं नाही तर जिल्हा दंडाधिकाऱ्याकडं जाता येत होतं. दीडशे वर्षं होत आली, प्रश्न तोच आहे.

आता 2023 चा दूरसंचार कायदा आहे. त्यातलं मार्गाधिकाराचं प्रकरण 26 जून 2024 पासून लागू झालं आणि त्याखालचे नियम 1 जानेवारी 2025 पासून. खासगी जागेसाठी कलम 12 महत्त्वाचं. जाळं टाकणाऱ्या कंपनीनं जागेचा मालक किंवा ताबेदार याच्याकडं अर्ज करायचा, दोघांत करार व्हायचा. करार झाला नाही आणि सरकारला ते जाळं लोकहितासाठी गरजेचं वाटलं, तरच सरकार मधे पडू शकतं. म्हणजे कुणीतरी दुपारी येऊन, कामावर गेलेल्या मालकाच्या भिंतीत ड्रिल मारून जावं, ही पद्धत कायद्याची नाही.

कलम 14 नीट वाचण्यासारखं आहे, कारण ते दोन्हीकडं कापतं. कंपनीला तुमच्या जागेत वापरापलीकडं कसलाही हक्क मिळत नाही. पण जागेवर बसवलेलं जाळं जागेचा भागही मानलं जात नाही. जागेच्या खरेदी-विक्रीत ते येत नाही, त्यावर घरपट्टी लागत नाही, आणि जागेवरच्या कर्जाचा किंवा दाव्याचा बोजाही त्यावर पडत नाही. त्यामुळं घर विकताना गच्चीवरची पेटी ‘घराबरोबर दिली’ असं लिहून भागत नाही. नवा मालक ती भंगारात काढू शकत नाही. जाळ्याचं नुकसान केल्यास भरपाई आणि 50 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. रागाच्या भरात तार तोडणाऱ्यानं हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

म्हणून लेखी पत्र द्यावं. पत्रात पत्ता, मजला, तार किंवा पेटी नेमकी कुठं आहे, कशासाठी हलवायची (बांधकाम, रंगकाम, धोका), कधीपर्यंत, हे लिहावं; चार फोटो जोडावेत. पेटीवर कंपनीचं नाव नसेल तर तारेवर छापलेली अक्षरं पाहावीत, नाहीतर इमारतीतल्या ज्या शेजाऱ्याचं नेट त्या पेटीवरून चालतं त्याला विचारावं. पत्र इंग्रजीत लिहिलं तर कंपनीत लवकर फिरतं; लाइनमनशी बोलताना मात्र तेलुगू किंवा दखनी हिंदीच कामाला येते. स्थानिक केबलवाल्याला तोंडी सांगून थांबू नये. तो ‘हो जाएगा’ म्हणतो, आणि ते तिथंच राहतं.

मार्गाधिकाराचे वाद ऐकण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याकडं आहे. हैदराबादेत इथंच लोक चुकतात, कारण शहर एक आणि जिल्हे अनेक. काचीगुडा, अमीरपेट हैदराबाद जिल्ह्यात. कुकटपल्ली, उप्पल, रामंतापूर मेडचल-मलकाजगिरीत. गच्चीबावली आणि एलबीनगर रंगारेड्डीत. चुकीच्या कलेक्टर कचेरीत दिलेला अर्ज महिनाभर फिरत राहतो.

अपार्टमेंट असेल तर एकट्या फ्लॅटधारकानं पत्र देऊन फारसं होत नाही. गच्ची आणि जिना सामाईक, म्हणून असोसिएशनचा ठराव लागतो. ठरावाच्या वेळी एक हिशेबही मांडावा. गच्चीवरची स्विचपेटी 15 वॅट खात असेल तर महिन्याला सुमारे 11 युनिट होतात. अशा चार पेट्या सामाईक मीटरवर असतील तर ते बिल सगळे रहिवासी भरतात आणि कमाई कंपनीची होते. कंपनीशी करार करताना विजेचे पैसे, पेटीची जागा आणि काढून नेताना भिंतीची भोकं बुजवून देण्याची जबाबदारी, या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. आणि पेटी काढायला सांगण्याआधी तिच्यावर किती घरांचं नेट आहे ते पाहावं. वरच्या मजल्यावर कुणी घरून काम करत असेल, कुणाच्या पोराची ऑनलाइन परीक्षा असेल. आठ दिवसांची आगाऊ सूचना दिली तर भांडण होत नाही.

खांबावरची तार खिडकीजवळ लोंबत असेल, तर तक्रार वीज कंपनीकडं: आपल्या भागाच्या सेक्शन ऑफिसात, किंवा 1912 वर. आवारात खोदकाम करायचं असेल तर जमिनीखालच्या केबलसाठी केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप मार्च 2023 पासून आहे. खोदणाऱ्यानं त्यावर आधी कळवायचं असतं.

हैदराबादहून नांदेड, बिदर

सीमाभागातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोम. दूरसंचाराच्या परवाना-नकाशावर हैदराबाद अजूनही ‘आंध्र प्रदेश’ सर्कलमध्ये मोडतं, नांदेड महाराष्ट्र सर्कलमध्ये, बिदर कर्नाटकात. कुकटपल्लीहून दिलसुखनगरला घर बदललं तर कंपनी जोडणी ‘शिफ्ट’ करून देऊ शकते. हैदराबादहून देगलूरला किंवा बिदरला जायचं झालं तर बहुतेकदा जुनी जोडणी बंद आणि नवी सुरू, असंच करावं लागतं. वर्षभराचे पैसे आगाऊ भरले असतील तर उरलेल्या महिन्यांचं काय, हे बंद करण्याच्या विनंतीआधीच लेखी विचारून घ्यावं. सूट म्हणून दिलेले ‘फुकट’ महिने परतीच्या हिशेबात धरले जात नाहीत, असं बऱ्याच योजनांच्या बारीक अक्षरांत असतं. राउटर ट्रकमध्ये सामानाबरोबर गावाकडं नेऊ नये. तो परत द्यायला पुन्हा काचीगुड्याची गाडी धरावी लागते.