बुराडी, बागपत आणि अंदाजाचा भरवसा

अनुभवी अधिकाऱ्याच्या अंदाजावर प्रशासनाची मोठी भिस्त असते, आणि ती सर्वस्वी अनाठायी नाही. तथापि अनुभव व माहिती वाढल्याने अंदाज अचूक होतात, की केवळ अंदाज करणाऱ्याचा आत्मविश्वास वाढतो, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दिल्लीत वास्तव्य असलेल्या मराठी वाचकाला याचे उदाहरण शोधण्यासाठी यमुनाकाठ सोडून जावे लागत नाही.

१० जानेवारी १७६० रोजी दिल्लीच्या उत्तरेस बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. शत्रू यमुनेच्या पात्रातून उतरून आला होता. त्याच वर्षी ऑगस्टच्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा अब्दाली नदीपलीकडे अंतर्वेदीत होता. त्या पावसाळ्यात यमुना ओलांडून अंतर्वेदीत उतरण्याचा भाऊंचा स्वतःचा बेत पुरामुळे फसला होता. त्यामुळे नदी दुस्तर आहे हा निष्कर्ष ऐकीव नव्हता, प्रत्यक्ष अनुभवाचा होता. फेब्रुवारीतील उदगीरच्या विजयाने तोफखान्यावरील विश्वासही दृढ झाला होता. भाऊ उत्तरेस गेले आणि १७ ऑक्टोबरला त्यांनी कुंजपुरा जिंकला. अवघ्या आठवडाभरात, २५ ऑक्टोबरच्या सुमारास, अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. पाणी पुरते ओसरले नव्हते, त्याची माणसेही बुडाली. परंतु मराठ्यांचा दिल्लीचा आणि दक्षिणेचा रस्ता तुटला. पुढे पानिपतावर अडीच महिन्यांची कोंडी, उपासमार, आणि १४ जानेवारी १७६१.

भाऊंचा अनुभव नदीपुरता खरा होता. शत्रू पार होण्यासाठी केवढी किंमत मोजील, हे मात्र तो अनुभव सांगत नव्हता. बुराडीचा इशारा ताजा असतानाही उतारांचा पुरेसा बंदोबस्त झाला नाही, कारण अंदाजाला खात्रीचे स्थान मिळाले होते.

हा दोष एका सेनापतीचा नव्हे. १९६५ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टुअर्ट ऑस्कॅम्प यांनी जाणकारांना एका तरुणाची जीवनकथा चार टप्प्यांत वाचावयास देऊन त्याच्याविषयी तेच प्रश्न प्रत्येक वेळी विचारले. जाणकारांचा आत्मविश्वास सुमारे ३३ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर गेला. अचूकता मात्र २६ वरून २८ टक्क्यांपर्यंतच पोहोचली. माहितीने खात्री वाढविली, ज्ञान नव्हे.

मग अनुभव व्यर्थ आहे काय? नाही. जेथे अंदाज आकड्यात नोंदविला जातो आणि त्याचा पडताळा त्वरित मिळतो, तेथे अनुभव माणसाला शहाणा करतो. याच यमुनेवर १९५८ पासून केंद्रीय पूर-पूर्वानुमानाची व्यवस्था आहे. दिल्लीच्या जुन्या लोखंडी पुलाशी पाण्याची पातळी मोजली जाते आणि वर्तविलेला आकडा प्रत्यक्षाशी ताडून पाहता येतो. त्यालाही मर्यादा आहे. १९७८ च्या महापुराची २०७.४९ मीटर ही पातळी पंचेचाळीस वर्षे परमावधी ठरली होती. जुलै २०२३ मध्ये पाणी २०८.६६ मीटरवर गेले. आजवरचा उच्चांक म्हणजे शक्यतेची सीमा नव्हे.

शासकीय टिपणीत निष्कर्ष असतो, पण त्याची खात्री किती आणि तो चुकल्यास पर्यायी व्यवस्था कोणती, हे क्वचितच लिहिलेले असते. या दोन ओळी प्रत्येक टिपणीत असाव्यात, आणि वर्षाअखेरीस कोणीतरी ती धारिका पुन्हा उघडून पाहावी. बागपतच्या उतारावर ठेवलेली एक सक्षम तुकडी म्हणजे अशीच दुसरी ओळ ठरली असती.